कोरी वीत

म्हैसुरात, चामराजपुरमच्या स्टेशनमागच्या गल्लीत नागेंद्ररावांचं घर शोधायला पत्त्याची गरज नव्हती. ‘टेपवाले अप्पा’ एवढं म्हटलं की फुलवालीसुद्धा बोट दाखवायची. कडकोळच्या कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेला माणूस; एक वेळ खिशात रुमाल नसेल, पण मोजायचा टेप असायचाच. लग्नाच्या पंगतीत बसले तरी केळीचं पान कुठल्या बाजूला आखूड कापलंय ते सांगणार. असा नवरा पदरी पडला की बायको वैतागते. कमलाक्षीबाईही वैतागायच्या. पण खोटं कशाला बोला, त्यांच्या हातचं काम बघितलं की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

घर मात्र बेताचं. बाहेरची खोली, झोपायची एक, स्वयंपाकघर, आणि मागे एक लांबलचक खोली. ही मंडळी मूळची रंगारी. नागेंद्ररावांचे वडील त्या मागच्या खोलीत लुगड्यांवर ठसे छापायचे. आता ना ठसे राहिले, ना रंगाचे हंडे. घरात बोललं जाणारं मराठी तेवढं राहिलंय, तेही निम्मं कन्नडात बुडवून काढलेलं. मागच्या खोलीत मोडकी खुर्ची, बंद पडलेला मिक्सर, असल्या सामानाचा नुसता उकिरडा झाला होता.

आणि राहणारी माणसं पाच. नागेंद्रराव, कमलाक्षीबाई, मुलगा किरणकुमार, सून रक्षिता आणि दुसरीतली नात नव्या. रक्षिताचं ऑफिसचं काम अर्धा आठवडा घरूनच चालायचं, ते ती स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर कंप्युटर ठेवून करायची. एकीकडे मीटिंग, एकीकडे कुकरच्या शिट्ट्या. नव्या बाहेरच्या खोलीत अज्जा-अज्जींच्या मधे झोपायची आणि झोपेत दोघांनाही लाथा घालायची.

एका संध्याकाळी किरणकुमारनं कॉफीचा पेला खाली ठेवला आणि घसा साफ केला.

"अप्पा, रागावू नका. आम्ही रिंग रोडला एक फ्लॅट बघून आलो. इथं जागा साकागल्ला. पुरतच नाही हो."

नव्या नागेंद्ररावांच्या मांडीवर बसून त्यांच्याच टेपनं त्यांचं नाक मोजत होती. ही पोर घरातून गेली तर उरलेले दिवस कशासाठी ढकलायचे, हा साधा प्रश्न त्यांना पडला आणि त्याचं उत्तर काही सापडेना.

"जागा नाही कोण म्हणतं?" ते म्हणाले. "जागा आहे. तुम्हाला वापरता येत नाही. दसऱ्यापर्यंत थांब. तोवर नाही पुरली तर मी स्वतः तुमचं सामान टेम्पोत चढवतो."

आणि लागला की माणूस कामाला! एक सुतार हाताशी धरला, तोही आठवडाभरात ह्यांच्यापुढे कान पकडायला लागला. स्वयंपाकघराचं दार आत उघडायचं, ते सरकतं केलं. दारामागची मेलेली जागा जिवंत झाली, तिथं डब्यांची फळी उभी राहिली. माळ्यावर जायला जिना हवा, तर जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे एक खण: एकात चपला, एकात कांदे-बटाटे, एकात कमलाक्षीबाईंचं विणकाम. जेवायचं टेबल भिंतीतून खाली यायचं आणि जेवून झालं की भिंतीत जायचं, पाठीवरचं गणपतीचं चित्र तेवढं दिसायचं. रक्षितासाठी तर कमालच केली. बघायला गेलं तर कपाट. दार उघडलं की मेज खाली येणार, दिवा आपोआप लागणार, खुर्ची आतूनच निघणार. तिनं पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मावा, ऑफिसातसुद्धा असलं नाही मला," ती सासऱ्यांना म्हणाली.

शेजारचे वादिराज बघायला आले आणि तोंडावर हात ठेवून उभे राहिले. "अय्यो नागेंद्र! घर केलंस की आगपेटी? चिक्कदु घर, पण मावतं किती!"

त्या दिवशी नागेंद्रराव दोन घास जास्त जेवले.

राहता राहिली नव्याची जागा.

मागच्या खोलीच्या टोकाला, दोन भिंतींच्या मधे, एक कोनाड्यासारखी खोलगट जागा होती. एवढ्या उकिरड्यातसुद्धा तिथं कधी काही ठेवलेलं नव्हतं. कमलाक्षीबाई लग्न होऊन आल्यापासून रोज ती झाडायच्या आणि तशीच सोडायच्या. नागेंद्ररावांनी तिथं खडूनं खाटेची आखणी केली, तशा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तिथं बेडा हो," त्या म्हणाल्या. "मामंजी नको म्हणायचे ना."

"का नको म्हणायचे ते तुला माहीत आहे?"

"नाही. तुम्हाला?"

"मला माहीत आहे." नागेंद्रराव खडू झटकत उठले. "अगं, लुगडं छापताना टोकाला वीतभर कोरं सोडायचे की नाही आमच्यात? लोकांना वाटायचं देवीसाठी सोडतात. तसलं काही नाही. ओलं कापड रंगातून काढताना हातानं धरायला कोरी जागा लागते, नाहीतर बोटांचे डाग पडतात. धंद्यातली सोय ती! तीच सवय आमच्या अप्पांनी घराला लावली. कापडात वीत सोडतो तशी घरातही सोडायची, म्हणायचे. आता कापड गेलं, सवय कशाला ठेवायची?"

हे त्यांचं बोलणं सरळ होतं. रंगाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसालाच सुचेल असं होतं.

"कापड आपण धरायचो," कमलाक्षीबाई म्हणाल्या. "घर कोण धरतं?"

"पाया धरतो," नागेंद्रराव हसून म्हणाले, आणि पुन्हा खाली बसले.

खाट झाली ती दृष्ट लागण्यासारखी. खाली कपड्यांचे खण, उशाशी छोटा दिवा, बाजूला झाकायला पडदा. पायथ्याशी गोष्टींच्या पुस्तकांची पेटी बसवली. नव्याला झोपवून मापच घेतलं होतं. डोकं उशाच्या फळीला टेकलं की टाचा पेटीला टेकायच्या.

"मावा, दोन महिन्यांत आखूड होईल," रक्षिता म्हणाली.

"म्हणून तर पेटी," नागेंद्रराव म्हणाले. "पोर वाढली की पेटी काढायची. तोवर पुस्तकांची जागा फुकट."

त्या दिवशी घरात कुठेही वीतभर जागा रिकामी राहिली नव्हती. असं काम उभ्या म्हैसुरात कुणी केलं नसेल, आणि हे नागेंद्ररावांना पक्कं ठाऊक होतं.

पहिली फट दिसली ती डब्यांच्या फळीवर.

सकाळी कॉफीची पूड घ्यायला ते गेले, तर तुरीचा डबा आणि रव्याचा डबा यांच्या मधे जागा. डबे एकाला एक खेटून बसतील अशी मापून केलेली फळी ती. बोट जायला वाव नव्हता. आणि आता मधे वीतभर जागा मोकळी.

"कुठला डबा काढलास?" त्यांनी कमलाक्षीबाईंना विचारलं.

"मी कशाला काढू? सगळे आहेत बघा."

सगळे होते. त्यांनी फळी मोजली. फळी होती तेवढीच होती. त्यांनी हाताची वीत त्या फटीत ठेवली. अंगठा एका डब्याला लागला, करंगळी दुसऱ्याला. अगदी बेतानं.

"बरं झालं की," कमलाक्षीबाई म्हणाल्या. "लोणच्याची बरणी बसेल. पण तुमच्या ह्या डब्यांत हल्ली तूरडाळीचं पाकीट मावत नाही हो. पूर्वी अख्खं ओतायची, आता मूठभर उरते."

"पाकिटात जास्त घालत असतील," नागेंद्रराव म्हणाले.

"हो, दुकानदार तुमचा जावईच ना, जास्त घालायला!"

बरणी बसली. दुसऱ्या दिवशी फट रक्षिताच्या कपाटातल्या फाइलींमधे निघाली. ती भरली, तर जिन्याच्या खणात, चपलांच्या मधे. जागा बदलायची, माप बदलायचं नाही. कुठे काही मोडलेलं नसायचं, ढकलल्याची खूण नसायची, एकही वस्तू कमी नसायची. आणि त्या फटीत धूळ बसायची नाही.

दुसरा एखादा असता तर त्यानं मंत्रतंत्रवाल्याला बोलावलं असतं. नागेंद्ररावांना मात्र, तुम्ही हसाल, कौतुक वाटायला लागलं! आयुष्यभर ज्यानं मिलिमीटरला जीव दिला, त्याच्या घट्ट बसवलेल्या कामातून कुणीतरी रोज वीतभर जागा काढतंय, आणि तीही काही न मोडता. सकाळी उठले की ते आधी फट शोधायचे. सापडली की कमरेवर हात ठेवून बघत राहायचे.

"शाबास," एकदा ते पुटपुटले. "कसं जमतं रे तुला?"

मागच्या खोलीत पडदा हलला. खिडकी बंद होती. ते थोडा वेळ उभे राहिले, मग कॉफी प्यायला गेले.

किरणकुमारनं तोंड उघडलं ते एका रविवारी, दुपारच्या जेवणाला. भिंतीतून काढलेल्या टेबलाभोवती सगळे बसले होते. हुळीभात झाला होता, पापड झाले होते.

"अप्पा," तो म्हणाला, "फ्लॅटवाल्याला मी नको म्हणून कळवलं. आम्ही इथंच राहतो. खरं सांगू का, एवढं सोयीचं घर आम्हाला दुसरीकडे मिळणार नाही."

रक्षितानं हसून मान हलवली. कमलाक्षीबाईंनी पदरानं डोळे टिपले. नागेंद्ररावांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. देवानं त्याच क्षणी उचललं असतं तरी माणूस तक्रार न करता गेला असता.

जेवून नव्या तिच्या खाटेवर जाऊन झोपली. थोड्या वेळानं नागेंद्रराव तिला नुसतं बघायला म्हणून मागे गेले. कमलाक्षीबाई आधीच तिथं होत्या. पडदा बाजूला करून, हसऱ्या तोंडानं बघत होत्या. दुपारचं ऊन खिडकीच्या जाळीतून खाटेवर पडलं होतं.

"किती छान झोपलीय बघा," त्या हळूच म्हणाल्या. "आणि तुमची खाट! रक्षिता म्हणत होती आखूड होईल. आखूड कुठली, अजून वीतभर जागा आहे की."

नागेंद्ररावांनी बघितलं.

नव्या सरळ, पाठीवर झोपली होती. डोकं उशाच्या फळीला टेकलेलं होतं.

पायही सरळच होते.

टाचा आणि पेटी यांच्या मधे चादर दिसत होती. चुणी नसलेली, कोरी.

त्यांनी वाकून हात ठेवला. अंगठा पेटीला लागला. करंगळी नव्याच्या टाचेला लागली.

अगदी बेतानं.

बाहेरच्या खोलीतून रक्षिताचा आवाज आला. "अत्ते, ह्या शिंप्याला काय म्हणायचं? गणवेश केवढा लांब शिवलाय. शाळेत अडखळून पडते म्हणे. वीतभर दुमडावा लागेल."

"वाढत्या अंगाचा शिवला असेल गं," कमलाक्षीबाई म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

तो गणवेश जूनमध्ये नागेंद्ररावांनीच आणला होता. तेव्हा तो गुडघ्याच्या वर होता आणि ह्यावरून घरात वाद झाला होता.

ते स्वयंपाकघरात गेले. तुरीचा डबा हातात घेतला. त्याच्यावर बसणारं जुनं झाकण बाजूला होतं; लग्नातला डबा तो, झाकणावर कमलाक्षीबाईंच्या माहेरचं नाव कोरलेलं. त्यांनी झाकण डब्यावर ठेवलं. ते चहूबाजूंनी डब्याच्या बाहेर आलं.

मग त्यांनी नव्याला उचलून मुलाच्या हातात दिलं आणि पाना घेऊन खाटेचे बोल्ट सोडायला बसले.

"अप्पा, काय करताय?"

पहिला बोल्ट खाली पडला.

"मावा, तिनं काही तोडलं का? सुम्ने, उगीच का काढताय?"

नागेंद्ररावांना बोलायचं होतं. पण काय बोलणार? ज्या माणसानं जन्मात आकड्याशिवाय शब्द काढला नाही, त्यानं ही गोष्ट कुठल्या तोंडानं सांगायची? उशाची फळी निघाली, पेटी निघाली, गोष्टींची पुस्तकं जमिनीवर पडली. नव्या जागी होऊन रडायला लागली.

"हिला घेऊन जा," ते म्हणाले. "तो फ्लॅट घे. नाहीतर दुसरा घे. आजची रात्र तिला इथं झोपवू नकोस."

किरणकुमारचा चेहरा पांढरा पडला. "आम्हाला हाकलताय? आत्ता, जेवताना, पाठीवर हात ठेवला होता ना तुम्ही?"

"हो," नागेंद्रराव म्हणाले. "जा."

पोरगा गेला तो बायको-मुलीला घेऊन सासुरवाडीला, आणि तिथून फ्लॅटवर. शब्द दिल्याप्रमाणे सामान टेम्पोत चढवायला नागेंद्रराव उभे राहिले. किरणकुमारनं त्यांना हात लावू दिला नाही. कमलाक्षीबाई कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. आणि गल्लीतले लोक, काय सांगायचं! जे कालपर्यंत घर बघायला यायचे, ते आता म्हणायला लागले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. वादिराजसुद्धा तेच म्हणाले, फक्त हळू आवाजात.

मागची खोलगट जागा पुन्हा रिकामी झाली. कमलाक्षीबाई पुन्हा ती रोज झाडायला लागल्या. त्यानंतर घरात कुठेही फट निघाली नाही. डबे जिथल्या तिथे राहिले. रव्याच्या आणि तुरीच्या मधे लोणच्याची बरणी तशीच बसून आहे.

मुलाचं मन वळायला संक्रांत उजाडली. तीळगूळ द्यायला म्हणून किरणकुमार दोघींना घेऊन आला. तो बापाच्या नजरेला नजर न देता बसला, पण बसला, हेच पुष्कळ. रक्षितानं नव्याला डॉक्टरांकडे नेलं होतं. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. काही मुलं उशिरा वाढतात, असं डॉक्टर म्हणाले होते. नव्या अज्जांच्या गळ्यात पडली. पूर्वी ती उभी राहून त्यांच्या शर्टाच्या खिशात हात घालायची. आता नागेंद्ररावांना खाली बसावं लागलं. त्यांनी तिला घट्ट धरलं आणि सोडवेना.

"अज्जा, माझी खाट परत करशील?" तिनं कानात विचारलं.

"नाही, राणी."

ती रुसली आणि चपला घालायला गेली. बालवाडीतल्या चपला होत्या. त्याच होतात म्हणून रक्षितानं पुन्हा काढल्या होत्या.

पाहुणे निघाले तशी कमलाक्षीबाईंनी हल्ली पायात घोळणारं लुगडं वर खोचलं, केरसुणी घेतली आणि त्या मागे गेल्या. बऱ्याच वेळानं तिथूनच त्यांनी हाक मारली. इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदा आपणहून बोलत होत्या, आणि आवाजात जुनं कौतुक होतं.

"अहो, इकडे या जरा. ह्या जागेचं काय केलंत तुम्ही? पूर्वी मी इथं बसल्या बसल्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत झाडायची. आता हात पुरत नाही बघा. वीतभर राहतं."